बीबीसी मायक्रोच्या एचडीएमआय चित्रातले ठिपके: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

यंत्र होतं बीबीसी मायक्रो मॉडेल बी. ॲकॉर्नने १९८१ मध्ये आणलेला हा संगणक, आत २ मेगाहर्ट्झवर चालणारा ६५०२ प्रोसेसर आणि ३२ किलोबाइट रॅम. मागच्या बाजूला सहा पिनांचं डिन सॉकेट असतं. त्यातून लाल, हिरवा, निळा, सिंक (ओळ आणि फ्रेम कुठे सुरू होते ते सांगणारा सिग्नल), ग्राउंड आणि +५ व्होल्ट बाहेर येतात. हे तिन्ही रंग डिजिटल असतात, म्हणजे प्रत्येक तार एक तर चालू किंवा बंद. त्यामुळे पडद्यावर एकूण आठच रंग उमटतात. पुढे सगळा तपास याच गोष्टीवर उभा राहिला.

या संगणकाची एक आडवी ओळ ६४ मायक्रोसेकंदांची. इतक्या संथ सिग्नलला आजचे बहुतेक मॉनिटर दाद देत नाहीत, म्हणून मधे आरजीबी-टू-एचडीएमआय पद्धतीचं ॲडॅप्टर लावलेलं होतं. त्याची रचना सोपी आहे. एक्ससी९५७२एक्सएल ही सीपीएलडी (आतलं लॉजिक हवं तसं ठरवता येणारी) चिप ठरलेल्या क्षणी तारांची अवस्था वाचते आणि रास्पबेरी पाय झिरो या छोट्या संगणकाला देते. पाय त्यातून चित्र रचून एचडीएमआयवर पाठवतो. ॲडॅप्टरचा वीजपुरवठाही डिन सॉकेटमधल्या +५ व्होल्टवरूनच घेतलेला होता. केबल ३० सेंटिमीटरची.

वाचण्याचा क्षण कसा ठरतो, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. मोड म्हणजे या संगणकाची चित्र दाखवण्याची पद्धत. मोड ० मध्ये पिक्सेल १६ मेगाहर्ट्झने येतात, म्हणजे एक पिक्सेल ६२.५ नॅनोसेकंदांचा. ॲडॅप्टरचं क्लॉक ९६ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतं, म्हणजे एका पिक्सेलचे सहा भाग पडतात, प्रत्येक सुमारे १०.४ नॅनोसेकंदांचा. त्या सहांपैकी कोणत्या भागात वाचायचं, हे कॅलिब्रेशन ठरवतं. पिक्सेल बदलत असतानाच वाचलं, तर एका फ्रेममध्ये जुना रंग मिळतो आणि पुढच्या फ्रेममध्ये नवा. पडद्यावर तो चमचमणारा ठिपका दिसतो.

मोड ७ म्हणजे टेलिटेक्स्टचा (टीव्हीवरच्या मजकूर-पानांसारखा) मोड, आणि त्याची गोष्ट वेगळी आहे. तिथे अक्षरं एसएए५०५० ही चिप काढते. तिला ६ मेगाहर्ट्झचं क्लॉक लागतं. मूळ क्लॉक १६ मेगाहर्ट्झचं, त्याला सहाने पूर्ण भाग जात नाही. म्हणून हे ६ मेगाहर्ट्झ लॉजिक चिपांनी जुळवून तयार केलेलं असतं आणि त्याचे ठोके समान अंतरावर पडत नाहीत. एसएए५०५० क्लॉकच्या दोन्ही कडा वापरते, त्यामुळे पिक्सेल १२ मेगाहर्ट्झने निघतात. सरासरी रुंदी ८३.३ नॅनोसेकंद, पण काही पिक्सेल रुंद आणि काही अरुंद. हा आकृतिबंध दर सहा पिक्सेलांनी पुन्हा येतो. त्यासाठीच ॲडॅप्टरमध्ये मोड ७ साठी ए ते एफ असे सहा स्वतंत्र ऑफसेट, म्हणजे वाचण्याचा क्षण पुढे-मागे करणारे आकडे, दिलेले असतात.

समस्या

तक्रार एकाच ओळीची होती: "चित्रात नॉइज येतो, आणि तापल्यावर वाढतो." नीट पाहिल्यावर त्यात दोन वेगळी दृश्यं निघाली.

पहिलं दृश्य फक्त मोड ७ मध्ये दिसे. अक्षरांच्या कडांवर एकेका पिक्सेलचे ठिपके चमकत. के, व्ही, डब्ल्यू, एक्स अशा तिरक्या रेघांच्या अक्षरांवर ते जास्त असत. एच आणि आय मात्र जवळजवळ स्वच्छ. यंत्र सुरू केल्यावर ते तुरळक असत आणि वीस-पंचवीस मिनिटांनी इतके वाढत की वाचताना डोळ्यांना त्रास व्हावा.

दुसरं दृश्य सगळ्या मोडमध्ये दिसे, पण अर्ध्या तासानंतरच. पांढऱ्या भागात अचानक आकाशी रंगाची आडवी पट्टी उमटे, कधी अर्ध्या ओळीची तर कधी पाच-सहा ओळी जाड, आणि लगेच नाहीशी होई. पडदा बहुतेक वेळ काळा आणि त्यावर पांढरी अक्षरं असल्यामुळे ही पट्टी म्हणजे "काही अक्षरं क्षणभर निळसर होतात" एवढीच लक्षात आली होती. काळ्या भागात तर ती दिसतच नव्हती.

तक्रार येण्याआधी तीन गोष्टी करून झाल्या होत्या. एचडीएमआय केबल दोनदा बदलली, मॉनिटर बदलला आणि ॲडॅप्टरचं फर्मवेअर नव्याने घातलं. शिवाय दर वेळी यंत्र सुरू केल्यावर कॅलिब्रेशन चालवायची सवय लागली होती. त्याने दहा-पंधरा मिनिटं चित्र सुधारे, म्हणून दोष ॲडॅप्टरचाच आहे असा समज पक्का झाला होता.

पहिला निर्णय: दोष एचडीएमआयच्या अलीकडे की पलीकडे

याला दोन मिनिटंही लागत नाहीत. ठिपके जोरात असताना ॲडॅप्टरचा मेनू उघडायचा. मेनूची अक्षरं पाय स्वतः रंगवतो, ती संगणकाकडून येत नाहीत. एचडीएमआय केबल, कनेक्टर किंवा मॉनिटर बिघडलेला असेल, तर ठिपके मेनूवरही दिसतील, कारण त्या टप्प्याला मेनू कुठला आणि संगणकाचं चित्र कुठलं याचा पत्ताच नसतो.

मेनू काचेसारखा स्वच्छ होता आणि त्याच्या मागचं टेलिटेक्स्टचं पान मात्र चमचमत होतं. म्हणजे दोष वाचण्याच्या टप्प्यावर किंवा त्याच्या आधी. दोन केबल आणि एका मॉनिटरची अदलाबदल फुकट गेली. ही चाचणी सगळ्यात आधी व्हायला हवी होती.

दुसरा निर्णय: एक दोष की दोन

अ‍ॅनालॉग चित्रातला नॉइज धुरकट असतो, त्यातून फारसं काही कळत नाही. डिजिटल चित्रातला नॉइज म्हणजे चुकीचा वाचला गेलेला बिट, आणि कोणता बिट चुकला हे रंगच सांगतो. पांढऱ्यावर आकाशी उमटलं तर लाल गेला. जांभळट गुलाबी उमटलं तर हिरवा गेला. पिवळं उमटलं तर निळा. सिंक हललं तर रंग तसेच राहतात, पण ओळी बाजूला सरकतात किंवा चित्र फाटतं. ज्या यंत्रात प्रत्येक रंगाला एकच बिट आहे, तिथे हे निदान इतकं थेट होतं की मीटरला हात लावायच्या आधीच अर्धं काम झालेलं असतं.

दुसरी खूण लांबीची. एका पिक्सेलचा ठिपका म्हणजे साठ ते नव्वद नॅनोसेकंदांची चूक. एवढ्या अल्प वेळात कोणताही धातूचा सांधा उघडून मिटत नाही, तेव्हा कारण वेळेचंच असणार. ओळभर लांब पट्टी म्हणजे चाळीस-साठ मायक्रोसेकंद, आणि पाच ओळी जाड पट्टी म्हणजे तीनशेच्या वर मायक्रोसेकंद. हा काळ सैल सांध्याचा.

तिसरी खूण जागेची. सपाट रंगात शेजारचे पिक्सेल सारखेच असल्यामुळे वाचण्याची वेळ चुकली तरी उत्तर तेच येतं. ठिपके फक्त कडांवर आणि सपाट भाग स्वच्छ असेल, तर वेळेवर संशय घ्यावा. सपाट भागातही घाण असेल, तर सांधा, वीज किंवा तार. आणखी एक प्रकार असतो: डावीकडे स्वच्छ आणि उजवीकडे वाढत जाणारी घाण. त्याचा अर्थ दोन्हीकडच्या क्लॉकचा वेग जुळत नाही, कारण प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला सिंकमुळे हिशेब शून्य होतो आणि फरक उजवीकडे साठत जातो. इथे तो नव्हता. मोड ० मध्ये ओळीला १०२४ ठोके असतात, त्यामुळे दहा लाखांत शंभर एवढा फरक ओळीच्या शेवटापर्यंत जेमतेम एक दशांश पिक्सेल होतो. तेवढ्याने काही बिघडत नाही.

या तीन खुणा लावल्यावर दोष दोन आहेत हे उघड झालं. मोड ७ चे कडांवरचे ठिपके वेळेचे, आणि आकाशी पट्टी लाल तारेच्या सांध्याची. एकाच वेळी एकाच पडद्यावर दोन्ही दिसत असल्यामुळे आतापर्यंत दोघांना मिळून एकच नाव दिलं गेलं होतं.

खात्रीसाठी मोड २ मध्ये सपाट रंग भरून पाहिले. बेसिकमध्ये कलर १३५ देऊन सीएलएस केलं की पडदा पांढरा होतो. १२९ ने लाल, १३० ने हिरवा, १३२ ने निळा. अर्ध्या तासानंतर पांढऱ्या पडद्यावर आकाशी पट्ट्या आणि लाल पडद्यावर काळ्या पट्ट्या दिसल्या. हिरवा आणि निळा पडदा तासभर ठेवला तरी निर्मळ.

विचारात घेतलेले पर्याय

सगळ्यात मोहाचा पर्याय होता व्हिडिओ यूएलए बदलण्याचा. ही चित्राचे सिग्नल काढणारी, बोर्डवर आयसी ६ क्रमांकाची चिप, तापते म्हणून बदनाम, आणि "तापल्यावर वाढतो" हे शब्द ऐकले की पहिलं बोट तिच्याकडेच जातं. पण ती आता बनत नाही, जुनी मिळाली तरी तिची हमी कोण देणार? शिवाय लाल तेवढाच जातो आणि हिरवा-निळा शाबूत राहतात, ही गोष्ट तिच्या विरोधात जात नसली तरी तिला दोषी ठरवायलाही पुरेशी नव्हती. चिप बदलण्याआधी तिच्या बाहेर पडणाऱ्या लाल तारेचा प्रवास तपासणं स्वस्त होतं.

दुसरा पर्याय पायला वेगळा वीजपुरवठा देण्याचा. पाय झिरोच्या मालिकेत कमी व्होल्टेज ओळखणारं सर्किट नसतं. मोठ्या रास्पबेरी पायवर येते तशी विजेची खूण इथे कधीच दिसणार नाही, त्यामुळे कमी व्होल्टेजवर तो गुपचूप चालत राहतो. संशय रास्त होता. हा पर्याय उपाय म्हणून नव्हे, चाचणी म्हणून वापरला. डिन केबलमधली +५ व्होल्टची तार सोडवली आणि पायला स्वतंत्र पॉवर अडॅप्टरवरून वीज दिली. तार न सोडवता असं करू नये, कारण दोन पुरवठे एकमेकांत शिरतात आणि बंद संगणकात उलटी वीज जाते. वेगळ्या विजेवरही दोन्ही दृश्यं जशीच्या तशी राहिली. पायची वीज दोषमुक्त ठरली आणि तार पुन्हा जोडली.

केबल लहान करावी का, हा प्रश्न कागदावरच सुटला. ३० सेंटिमीटर तारेत सिग्नलला जायला-यायला तीन-चार नॅनोसेकंद लागतात. परावर्तन झालं तरी ते एकाच १०.४ नॅनोसेकंदांच्या भागात जिरतं. दोन मीटरची पातळ चपटी केबल असती आणि तिच्यात एकच ग्राउंड असता, तर उत्तर वेगळं आलं असतं.

उरलेला पर्याय म्हणजे पुन्हा कॅलिब्रेशन. इथे एक चूक झाली. दोष दोन आहेत हे कळल्यावरही आधी कॅलिब्रेशन चालवलं गेलं, "बघू तरी" म्हणून. आकडे छान आले, ठिपके गेले आणि पाऊण तास वाया गेला. सिग्नल स्वतःच सरकत असताना कॅलिब्रेशन केलं तर ते त्या क्षणापुरतंच खरं असतं, आणि मूळ दोष तेवढा वेळ झाकला जातो.

केलेली कारवाई: वीज

मग मीटर काढला. एक सूचना आधी: मीटर लावण्यासाठी झाकण उघडलं की हवा खेळते, चिपा थंड होतात आणि दोष पळून जातो. म्हणून पातळ तारा आतल्या मापन-जागांना जोडून बाहेर काढल्या, झाकण पुन्हा बसवलं आणि पंचवीस मिनिटं वाट पाहिली.

पॉवर सप्लायच्या टोकाशी ५.०२ व्होल्ट. व्हिडिओ यूएलएजवळ, बोर्डवर, ४.७१. ७४एलएस मालिकेच्या चिपांना ४.७५ ते ५.२५ व्होल्ट लागतात, म्हणजे बोर्ड मर्यादेच्या खाली चालत होता. पुरवठा चांगला असूनही वाटेत ०.३१ व्होल्ट हरवत होते.

कुठे हरवतात हे शोधायला व्होल्टेज मोजत फिरण्यापेक्षा सांध्याच्या दोन बाजूंना मीटरची दोन टोकं लावणं सोपं. या यंत्रात पॉवर सप्लायकडून तांबड्या-काळ्या तारांच्या तीन जोड्या येतात आणि बोर्डवरच्या चपट्या स्पेड टर्मिनलांवर बसतात. तिन्ही तांबड्या जोडांवर मिळून सरासरी ०.२२ व्होल्ट, काळ्यांवर ०.०९. दोन टर्मिनल तपकिरी पडलेली होती आणि एक स्पेड इतकी सैल की बोटाने हलत होती. ग्राउंडच्या बाजूची घट लोक मोजतच नाहीत. अर्धा फरक कधी कधी तिथेच सापडतो.

यंत्र मेन्सपासून तोडलं. तारांच्या जागांचा फोटो घेतला, कारण उणे ५ व्होल्टची तारही तिथेच असते आणि ती चुकीच्या जागी बसली तर पुढची दुरुस्ती फार महाग पडते. एकेक स्पेड काढून टर्मिनल ग्लासफायबर पेनने घासलं, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं, आणि मादी स्पेड पकडीने जरासा दाबून घट्ट केला. जरासाच, जास्त दाबला तर तो तिरका बसतो आणि संपर्क उलट कमी होतो. पुन्हा पंचवीस मिनिटं तापवून मोजलं: बोर्डवर ४.९५ व्होल्ट.

पॉवर सप्लायचा डबा उघडला नाही. मेन्सच्या बाजूचे जुने फिल्टर कपॅसिटर तडकून धूर सोडतात हे खरं, पण ते काम मेन्सवर सुरक्षितपणे काम करता येणाऱ्यानेच वेगळं करावं. नॉइजच्या तपासात ते घुसडू नये.

केलेली कारवाई: लाल तार

वीज सुधारल्यावर आकाशी पट्ट्या कमी झाल्या का? अजिबात नाही. त्यामुळे दोष दोन आहेत यावर शेवटचं शिक्कामोर्तब झालं.

तापलेल्या यंत्रावर पांढरा पडदा ठेवून डिन प्लग अगदी हळू वर-खाली केला. खाली दाबला की पट्ट्यांचा पूर यायचा, वर उचलला की थांबायचा. प्लग आणि केबल दुसरी लावली तरी तेच. म्हणजे सांधा बोर्डवरच्या सॉकेटचा. बोर्ड बाहेर काढून भिंगाखाली पाहिलं, तर लाल पिनेभोवतीच्या सोल्डरमध्ये अंगठीसारखी बारीक काळी रेघ होती. थंड असताना धातू धातूला टेकलेला, तापल्यावर प्रसरणाने सुटलेला. चाळीस वर्षं प्लग लावून-काढून हे होणारच, आणि बोर्डवर बसवलेल्या कोणत्याही सॉकेटला ते लागू आहे.

त्या पिनेचं जुनं सोल्डर शोषून काढलं, फ्लक्स लावला आणि ३४० अंश सेल्सिअसच्या आसपास शिसंयुक्त ६०/४० सोल्डरने नवं भरलं. सहाही पिना त्याच बैठकीत करून घेतल्या. ग्राउंडच्या पिनेला बोर्डचं रुंद तांबं जोडलेलं असतं, ते उष्णता खाऊन टाकतं. तिथे रुंद टोक वापरून थोडं जास्त थांबावं लागतं. नाहीतर वरून चकचकीत आणि आतून कोरडा सांधा तयार होतो, म्हणजे पुढच्या तक्रारीची सोय.

व्हिडिओ यूएलए सॉकेटमधून काढून तिच्या पिना पुसून परत बसवली. खरं तर त्याची गरज नव्हती. बोर्ड बाहेर आलाच होता म्हणून केलं, आणि त्याचा काही परिणाम झाला का हे आता सांगता येणार नाही. एका वेळी एकच बदल हा नियम इथे मोडला.

केलेली कारवाई: कॅलिब्रेशन, आणि त्यासाठी कोणतं पान

या भागात थोडं थांबायला हवं, कारण मोड ७ च्या ठिपक्यांचं अर्धं मूळ इथे होतं.

कॅलिब्रेशन स्थिर पडदा गृहीत धरतं. प्रत्येक ऑफसेटला अनेक फ्रेम वाचून त्या एकमेकींशी ताडून पाहतं, आणि जिथे फरक येतो तिथे चुका मोजतं. पडद्यावर जिथे कडच नाही तिथे चूक दिसणारच नाही. आधीची सगळी कॅलिब्रेशन टेलिटेक्स्ट ग्राफिक्सच्या एका सुंदर शीर्षक-पानावर केलेली होती, कारण ते "भरगच्च" दिसत होतं.

पण टेलिटेक्स्टचा ग्राफिक्स ठोकळा सहा पिक्सेल रुंद असतो आणि मोड ७ च्या क्लॉकचा आकृतिबंधही सहा पिक्सेलांचा. परिणाम असा की त्या पानावरची प्रत्येक उभी कड नेमकी सहांपैकी एकाच ठिकाणी पडत होती. एक ऑफसेट नीट तपासला गेला. उरलेल्या पाचांच्या वाट्याला कधी कडच आली नाही, त्यांच्या चुका शून्य दिसल्या आणि ते पास झाले.

साध्या अक्षरांचं पानही पुरत नाही. एसएए५०५० च्या अक्षराचा मूळ ठिपका दोन पिक्सेल रुंद असतो, त्यामुळे एच, आय, एल, टी यांच्या उभ्या रेघा एकाआड एक ठिकाणीच पडतात. तिरक्या रेघांवर मात्र ही चिप गोलाई देण्यासाठी अर्धे ठिपके घालते, आणि तेव्हाच मधल्या जागी कड येते. के, व्ही, डब्ल्यू, एक्स चमकत होते आणि एच स्वच्छ होता, त्याचं हे कारण.

म्हणून चाचणीचं पान असं केलं: पूर्ण पडदाभर के, एम, एन, व्ही, डब्ल्यू, एक्स आणि तिरकी रेघ यांचं मिश्रण, मधे चार ओळी ग्राफिक्स ठोकळ्यांच्या. काही ओळी लाल, काही हिरव्या, काही निळ्या आणि बाकी पांढऱ्या, म्हणजे तिन्ही तारांना स्वतंत्र कडा मिळतात. लुकलुकणारी अक्षरं अजिबात नाहीत. कर्सरही बंद; व्हीडीयू २३,१,०;०;०;०; दिलं की तो जातो. लुकलुकणारा कर्सर राहिला तर कॅलिब्रेशन त्यालाच चूक समजतं आणि चांगले ऑफसेटही बाद करतं.

बाकीच्या मोडसाठी मोड ० मध्ये एका अक्षराच्या आठही ओळींना १७० ही संख्या दिली. द्विमान पद्धतीत ती १०१०१०१० होते, म्हणजे एकाआड एक पिक्सेल. या अक्षराने पडदा भरला की ६२.५ नॅनोसेकंदांनी कड येत राहते, याहून कठीण परीक्षा या यंत्रात नाही.

मोड ७ मध्ये ८३.३ नॅनोसेकंदांच्या एका पिक्सेलचे आठ भाग पडतात, म्हणजे वाचण्याच्या आठ जागा. त्यांना ० ते ७ क्रमांक देऊ. दुरुस्तीआधीच्या नोंदी अशा होत्या: थंड असताना ३ आणि ४ या दोनच जागा स्वच्छ, तापल्यावर ४ आणि ५. कॅलिब्रेशन थंड यंत्रावर चाले आणि ३ निवडे. पंचवीस मिनिटांनी ३ ही जागा घाणीत जाई. ४ निवडली असती तर तक्रारच आली नसती, आणि दोषही सापडला नसता.

वीज आणि सांधा दुरुस्त झाल्यावर थंड असताना २ ते ५ आणि तापल्यावर ३ ते ६ स्वच्छ आल्या. उष्णतेने सरकणं तेवढंच राहिलं, सुमारे दहा नॅनोसेकंद. स्वच्छ खिडकी मात्र दुप्पट रुंद झाली, कारण पुरेशा व्होल्टेजवर सिग्नलच्या कडा खड्या होतात आणि त्यांची थरथर कमी होते. कॅलिब्रेशन आता झाकण लावून, अर्धा तास तापवून केलं आणि ४ वर ठेवलं. पहिली शून्य चुकांची जागा न घेता खिडकीच्या मधली जागा घ्यायची. फर्मवेअरने कडेची निवडली तर हाताने एकने सरकवायची.

निष्पत्ती

सहा तास सलग चालवून दर अर्ध्या तासाला तीन पडदे पाहिले: मोड ७ चं मिश्र पान, मोड ० चं एकाआड एक पिक्सेलचं पान आणि मोड २ चा पांढरा पडदा. पट्टी एकदाही आली नाही. मोड ७ च्या कडा पूर्णवेळ स्थिर राहिल्या. बोर्डवरचं व्होल्टेज ४.९४ आणि ४.९६ च्या मधे राहिलं. नवीन सुटा भाग एकही लागला नाही; सोल्डर, फ्लक्स आणि अल्कोहोल एवढाच खर्च.

एक गोष्ट मात्र उरली. यंत्र पूर्ण थंड असताना पहिली दोन-तीन मिनिटं एफ ऑफसेटच्या पिक्सेलवर, म्हणजे दर सहाव्या स्तंभात, एखादा ठिपका अजून चमकतो. आकृतिबंधातला सगळ्यात अरुंद पिक्सेल तोच दिसतो, त्यामुळे त्याची खिडकीही सगळ्यात लहान.

काय वेगळं करता आलं असतं

मेनूची चाचणी पहिल्या दिवशी झाली असती, तर केबल आणि मॉनिटरची अदलाबदल वाचली असती. फर्मवेअर पुन्हा घालण्याचा तर काहीच संबंध नव्हता. फर्मवेअरचा दोष तापमानाप्रमाणे बदलत नाही, आणि पट्टी अर्ध्या तासानंतरच येत होती हे माहीत असताना तो मार्ग घ्यायलाच नको होता.

नॉइजचे फोटो काढायला हवे होते, तेही सपाट पांढऱ्या पडद्याचे. तक्रारीसोबत एक जरी असा फोटो असता, तर आकाशी रंगावरून लाल तार त्याच क्षणी नजरेत आली असती. रोजच्या वापरातला काळा पडदा या बाबतीत फसवा असतो. गेलेला रंग काळ्यावर दिसत नाही.

रोज कॅलिब्रेशन करावं लागणं हीच मोठी खूण होती. एकदा केलेलं कॅलिब्रेशन महिनोन्महिने टिकायला हवं. ते रोज लागतंय, म्हणजे सिग्नल रोज सरकतोय, आणि तो का सरकतोय हा प्रश्न दुसऱ्याच दिवशी विचारायला हवा होता.

एफ ऑफसेटच्या त्या उरलेल्या ठिपक्यासाठी ६ मेगाहर्ट्झ तयार करणाऱ्या चिपा बदलून पाहता येतील, किंवा एफ एका जागेने मागे घेऊन गरम स्थितीतली थोडी मोकळीक सोडता येईल. दोन्ही न करण्याचं ठरलं. यंत्र सुरू करून टेबलावरच्या वह्या बाजूला सरकवेपर्यंत तो ठिपका जातो.